‘असमान जगातील तापमानवाढ’ आणि पर्यावरणाचा तास

१९९१ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ या नावाची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण हे तिचे लेखक. उपशीर्षकातच ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ हा शब्दप्रयोग आहे, तेव्हा पुस्तिकेचा रोख मुखपृष्ठावरच स्पष्ट होतो. हवामानबदलाविषयी त्यानंतर जे करार झाले आणि जी आंदोलने उभी राहिली, त्यांतील बऱ्याचशा वादांची बीजे या थोड्या पानांत सापडतात. मात्र पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण हा विषय अनिवार्य असूनही ही पुस्तिका वर्गात येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत याच संस्थेचे ‘डाऊन टु अर्थ’ हे पाक्षिक आहे, पुस्तिका नाही. तिचे मूल्यमापन करताना या अनुपस्थितीचाही विचार करावा लागतो, कारण पुस्तिकेतील प्रश्न आणि अभ्यासक्रमाने दिलेली उत्तरे यांत जे अंतर आहे, ते केवळ पाठ्यपुस्तक निवडण्याचे अंतर नाही.

पुस्तिका मुळात एक प्रत्युत्तर होते. अमेरिकेतील ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांच्या सहकार्याने १९९०-९१ सालचा जागतिक साधनसंपत्तीविषयीचा अहवाल काढला होता. त्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनानुसार देशांची क्रमवारी दिली होती. पहिल्या पाच देशांत अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांच्याबरोबर ब्राझील, चीन आणि भारत यांची नावे होती. अहवालाचा अर्थ सरळ होता: पृथ्वी तापवण्यात श्रीमंत आणि गरीब असे दोन्ही प्रकारचे देश सारखेच सामील आहेत, म्हणून उपायही दोघांनी मिळून करावेत. रिओची परिषद वर्षभरावर आली होती आणि हवामानविषयक कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. अशा वेळी आकड्यांचा एखादा तक्ता किती राजकीय काम करू शकतो, हे अग्रवाल आणि नारायण यांनी नेमके ओळखले.

त्यांची पद्धत हिशेबनिसाची आहे. त्यांनी अहवालातील आकडे खोटे आहेत एवढेच म्हटले नाही. जंगलतोड आणि मिथेन यांच्या आकड्यांतील अनिश्चितता त्यांनी दाखवली, पण मुख्य आक्षेप आकड्यांच्या मांडणीवर घेतला. समुद्र, जंगले आणि वातावरण मिळून दरवर्षी काही प्रमाणात हे वायू शोषून घेतात वा नाहीसे करतात. ही शोषणक्षमता सर्व मानवजातीची सामायिक मालमत्ता आहे. मूळ अहवालाने मात्र ती देशांना त्यांच्या त्यांच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटून दिली होती. म्हणजे ज्याने अधिक धूर सोडला, त्याच्या खात्यावर अधिक सूट. गावाच्या तळ्यातून ज्याने सर्वांत जास्त घागरी उपसल्या, त्याचा तळ्यावरील हक्क सर्वांत मोठा धरावा आणि ज्याने दोनच घागरी नेल्या, त्याचा हक्क दोन घागरींचा धरावा, तसा हा प्रकार होता. अग्रवाल-नारायण यांनी हीच क्षमता लोकसंख्येच्या प्रमाणात, माणशी सारखी, वाटून पाहिली. लगेच तक्ता बदलला. भारताचे उत्सर्जन त्याच्या वाट्याच्या आत आले आणि औद्योगिक देशांचे उत्सर्जन त्यांच्या वाट्याच्या कितीतरी बाहेर गेले. एकाही आकड्याला हात न लावता केवळ भागाकाराचा पाया बदलल्यावर आरोपी बदलतो, हे पुस्तिकेतील सर्वांत मोलाचे प्रात्यक्षिक आहे.

पुस्तिकेतील दुसरे सूत्र अधिक प्रसिद्ध झाले. बंगालमधील किंवा थायलंडमधील अल्पभूधारक शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि युरोप-अमेरिकेतील मोठ्या मोटारींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांची एका रकान्यात बेरीज करता येईल काय, असा प्रश्न लेखकांनी विचारला. रसायनशास्त्राचे उत्तर ‘होय’ असे आहे. ठरलेल्या गुणकाने गुणले की झाले. नीतिशास्त्राचे उत्तर तसे नाही. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन हा फरक पुढे आंतरराष्ट्रीय चर्चेत रूढ झाला तो येथून. १९९२च्या रिओ करारात सामायिक पण वेगवेगळ्या जबाबदारीचे तत्त्व आले, १९९७च्या क्योटो करारात केवळ विकसित देशांवर कपातीचे बंधन आले, त्यामागे अनेक देशांचे व अनेक लेखकांचे प्रयत्न होते. परंतु दक्षिणेकडील देशांची बाजू इतक्या थोड्या पानांत, इतक्या रोखठोक भाषेत मांडणारे लेखन त्या काळी फारसे नव्हते.

मराठी वाचकाला या युक्तिवादाची जात ओळखीची वाटावी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी असाच हिशेब मांडला होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण चांगले की वाईट हा फुल्यांचा मुद्दा नव्हता. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा होता. अग्रवाल-नारायण यांनी आकाशाबद्दल तेच विचारले. हवामानाच्या प्रश्नातील ‘जहाल’ राजकारण म्हटले की घोषणा आणि रस्ता अडवणे डोळ्यांसमोर येते, पण जमाखर्चाची वही उघडून दाखवण्याइतके जहाल दुसरे काही क्वचितच असते.

एवढे मान्य करूनही पुस्तिकेची मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. दरडोई सरासरी काढताना लेखकांनी ‘देश’ हे एकक धरले. देशादेशांतील विषमता उघडी पाडणारे हे साधन देशाच्या आतील विषमतेपुढे मुके होते. भारताची सरासरी कमी आहे, कारण कोट्यवधी भारतीयांच्या घरी गाडी नाही, वातानुकूलन नाही, विमानप्रवास नाही. त्यांच्या न केलेल्या खर्चावर सरासरी खाली राहते आणि त्या सरासरीच्या सावलीत महानगरांतील सधन वर्ग युरोपीय माणसासारखा जगू शकतो. २००७ साली ग्रीनपीस इंडियाने ‘हायडिंग बिहाइंड द पुअर’ नावाचा अहवाल काढला. गरिबांच्या आडोशाला लपणे, हा त्या नावाचाच आरोप होता. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारत सरकार जो न्याय मागते, तो न्याय देशातल्या देशात का लागू करत नाही, असे त्या अहवालाने विचारले.

अग्रवाल यांच्यावर हा आरोप थेट करणे अन्यायाचे होईल. १९८२ साली त्यांच्या संस्थेने भारतीय पर्यावरणाच्या स्थितीवरील पहिला नागरिक अहवाल काढला. जंगल, चराऊ रान आणि पाणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, याचे देशांतर्गत चित्र त्यात होते. १९८९मधील ‘टुवर्ड्स ग्रीन व्हिलेजेस’ या पुस्तकात अग्रवाल व नारायण यांनी सामायिक जमिनीवर ग्रामसभेचा हक्क मागितला. म्हणजे देशाच्या आतला प्रश्न त्यांना ठाऊक होता. पण १९९१च्या पुस्तिकेत बोलणारा कर्ता बदलला. गावाच्या जागी राष्ट्र आले आणि राष्ट्राच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या सरकारला एक तयार युक्तिवाद मिळाला. सरकारवर टीका करणाऱ्यांचे लेखन सरकारच्या उपयोगी पडावे, यात गैर काहीच नाही. मात्र सरकारने त्यातील अर्धाच भाग उचलला आणि उरलेला अर्धा भाग त्याच लेखकांच्या दुसऱ्या पुस्तकांत पडून राहिला, हे वाचकाने विसरू नये.

पुस्तिकेने सुचवलेल्या उपायावरही डावीकडून आक्षेप आले. ज्यांनी वाट्यापेक्षा जास्त उत्सर्जन केले, त्यांनी ज्यांचा वाटा शिल्लक आहे त्यांच्याकडून तो विकत घ्यावा, अशी ही कल्पना होती. तिच्यात गरीब देशांना हक्काने पैसा मिळण्याची सोय होती. पण विक्री आली की आकाश ही खरेदी-विक्रीची वस्तू बनते, असे टीकाकारांचे म्हणणे. पुढे क्योटो करारानंतर कार्बनचा जो बाजार उभा राहिला, त्यात माणशी समान हक्काचे तत्त्व गळून गेले आणि बाजार तेवढा शिल्लक राहिला. २०१० साली बोलिव्हियातील कोचाबाम्बा येथे भरलेल्या लोकपरिषदेने या बाजाराला स्पष्ट विरोध केला आणि त्याऐवजी ‘हवामान-ऋण’ फेडण्याची मागणी केली. ऋण आणि विक्री यांतील फरक वर्गात समजावून सांगण्यासारखा आहे. सौद्यात किंमत ठरली की नाते संपते, ऋणात मात्र चूक कोणाची होती हेही लिहिलेले राहते.

आज तक्ता पुन्हा बदलला आहे. चीनचे वार्षिक कार्बन उत्सर्जन अमेरिकेच्या दुपटीहून अधिक आहे आणि त्याचे दरडोई प्रमाण आठ टनांच्या वर गेले आहे. एकूण वार्षिक उत्सर्जनात भारत तिसरा आहे. दरडोई प्रमाण पाहिले तर अमेरिकेचे सुमारे १४ टन आणि भारताचे सुमारे २ टन. औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज केली तर अमेरिकेचा वाटा साधारण एक-चतुर्थांश, भारताचा तीन-चार टक्के. म्हणजे भारतापुरता पुस्तिकेचा निष्कर्ष अजून टिकून आहे, चीनपुरता तो टिकत नाही. ‘दक्षिण’ नावाचा एकजिनसी गट आता उरलेला नाही. तरीही भागाकार कशाने करायचा हा तिचा प्रश्न जुना झालेला नाही.

ज्या वर्षी ही पुस्तिका निघाली, त्याच वर्षी, १९९१मध्ये, पर्यावरण-शिक्षणाच्या इतिहासातील दुसरी महत्त्वाची गोष्ट घडली. वकील एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक स्लाइड मोफत दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, असेही त्या निर्णयात होते. अंमलबजावणीला बराच वेळ लागला. २००३ साली न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे डॉ. एरक भरूचा यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार करून घेतला आणि भरूचा यांचे पाठ्यपुस्तकही आले. पन्नास तासिका, आठ घटक, लेखी परीक्षेला ७५ गुण आणि क्षेत्रकार्याला २५, ही रचना पर्यावरण शिकवणाऱ्या शिक्षकाच्या अंगवळणी पडलेली आहे. विषय अनिवार्य, पण त्यासाठी स्वतंत्र शिक्षक बहुधा नसतो. उर्दूचा, वाणिज्याचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक कार्यभार भरण्यासाठी तो घेतो. या व्यवस्थेची थट्टा करण्याचे कारण नाही. इतिहासाचा प्राध्यापक हा विषय रसायनाच्या प्राध्यापकापेक्षा चांगला शिकवू शकेल, अट एवढीच की विषयात इतिहास शिल्लक असला पाहिजे.

तो शिल्लक आहे काय? सहाव्या घटकाचे नाव ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ असे आहे आणि त्याला सात तासिका आहेत. या सात तासिकांत शाश्वत विकास, शहरी ऊर्जेचे प्रश्न, जलसंधारण, विस्थापितांचे पुनर्वसन, पर्यावरणीय नीती, पडीक जमिनीचा विकास, उपभोगवाद, पाच कायदे आणि लोकजागृती एवढे सगळे उरकायचे आहे. हवामानबदल या यादीत एका अर्ध्या ओळीत येतो, तोही आम्लवर्षा, ओझोनचा थर आणि अणुअपघात यांच्या रांगेत. एका तासात हे चारही विषय सांगणारा शिक्षक व्याख्या देण्यापलीकडे काय करणार? विद्यार्थी ‘जागतिक तापमानवाढ म्हणजे काय’ याचे पाच गुणांचे उत्तर पाठ करतो. त्या उत्तरात वायूंची नावे असतात, देशांची नसतात.

अभ्यासक्रमाशी प्रामाणिक राहायचे तर त्यातील चांगल्या जागाही सांगाव्या लागतील. दुसऱ्या घटकात धरणांचे आदिवासींवर होणारे परिणाम आहेत आणि साधनसंपत्तीच्या न्याय्य वापराचाही उल्लेख आहे. परंतु या उल्लेखाच्या शेजारीच जो मुद्दा आहे, तो संपूर्ण अभ्यासक्रमाची दिशा सांगतो: साधनसंपत्तीच्या संवर्धनात व्यक्तीची भूमिका. पाचव्या घटकात तोच पुन्हा येतो: प्रदूषण रोखण्यात व्यक्तीची भूमिका. व्यक्तीची भूमिका दोनदा विचारली जाते. गावाची, संघटनेची, आंदोलनाची भूमिका असा मुद्दा मात्र एकदाही नाही. जो अभ्यासक्रम एका याचिकाकर्त्याने न्यायालयाचे दार ठोठावल्यामुळे जन्माला आला, त्यात दार ठोठावण्याचे शिक्षण नसावे, ही विसंगती नोंदवण्यासारखी आहे. नळ बंद करा, दिवा मालवा, कापडी पिशवी वापरा, हे शिकून विद्यार्थी बाहेर पडतो. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड तासभर येते, त्या वस्तीतल्या मुलाला नळ बंद करायला शिकवण्यात थोडी क्रूरताही आहे.

या सर्वांत अधिक विचार करायला लावणारा घटक सातवा. ‘मानवी लोकसंख्या आणि पर्यावरण’ असे त्याचे शीर्षक असून त्याला सहा तासिका आहेत. त्यात ‘लोकसंख्येचा विस्फोट’ हा शब्दप्रयोग कुटुंबकल्याण कार्यक्रमाला जोडून आलेला आहे. संपूर्ण हवामानबदलाला अर्धी ओळ आणि लोकसंख्येला एक अख्खा घटक, या मांडणीतून विद्यार्थ्याच्या मनावर कारणपरंपरा ठसते ती अशी: माणसे वाढली म्हणून पृथ्वी बिघडली. अल्पसंख्य समाजाच्या महाविद्यालयात हा धडा शिकवताना शिक्षकाला वर्गातील शांतता ऐकू येत असणार, कारण ‘विस्फोट’ हा शब्द वर्गाबाहेर कोणाकडे बोट दाखवून उच्चारला जातो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. वस्तुस्थिती अशी की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये देशाचा एकूण जननदर २.० वर आलेला होता. मुस्लिम समाजात तो १९९२-९३मध्ये ४.४ होता, तो २.४च्या आसपास उतरला. पण हे आकडे देणे म्हणजे आरोपाच्या चौकटीत राहून खुलासा करणे होय. अग्रवाल-नारायण यांचा तक्ता चौकटच मोडतो. धूर डोकी मोजून निघत नाही, जीवनमान मोजून निघतो. एक अमेरिकन माणूस सरासरीने सात भारतीयांइतके उत्सर्जन करतो, हे एक वाक्य सातव्या घटकाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिले, तर उरलेल्या तासिकांचा अर्थ बदलून जाईल. केवळ याच कारणासाठीही पुस्तिका शिक्षकांच्या हाती असायला हवी.

अभ्यासक्रमाने रिकामी ठेवलेली जागा २०१८नंतर काही प्रमाणात मुलांनी स्वतः भरून काढली. २० ऑगस्ट २०१८ रोजी पंधरा वर्षांची ग्रेटा थनबर्ग शाळेत न जाता स्वीडनच्या संसदेबाहेर बसली. वर्षभरात तिचे अनुकरण जगभर झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये लाखो विद्यार्थी रस्त्यावर आले. या चळवळीचे श्रेय निर्विवाद आहे. हवामानबदल हा भविष्यातील पिढीवरचा अन्याय आहे, ही गोष्ट तिने घराघरांत नेली. तिच्या भाषेत मात्र एक उणीव राहिली. पिढी विरुद्ध पिढी, अशी मांडणी केली की स्टॉकहोमचा मुलगा आणि सुंदरबनचा मुलगा एकाच बाकावर बसतात. अग्रवाल-नारायण यांनी ज्या बाकांमधील अंतर मोजून दाखवले, ते पुसट होते. थनबर्ग यांनी स्वतः आपल्या भाषणांतून श्रीमंत देशांनी आधी व अधिक कपात करावी असे सांगितले आहे, पण घोषणाफलकांवर विज्ञानाचे ऐका एवढेच उरले. विज्ञान उत्सर्जन किती कमी करायचे ते सांगते. ते कोणी कमी करायचे, हे ते सांगत नाही.

याची प्रचिती एका खटल्यात आली. सप्टेंबर २०१९मध्ये सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. त्यांत हरिद्वारची रिधिमा पांडे होती. तिने त्याआधी २०१७मध्ये, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे भारत सरकारविरुद्ध अर्ज केला होता आणि तो २०१९च्या जानेवारीत फेटाळला गेला होता. मुलांच्या तक्रारीत प्रतिवादी होते अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान. अमेरिका व चीन हे सर्वांत मोठे दोन उत्सर्जक त्यांत नव्हते, कारण अशी तक्रार ज्या उपकराराखाली करता येते तो त्यांनी स्वीकारलेलाच नाही. न्याय मागायचा तर जो न्यायासनासमोर यायला तयार आहे त्याच्याकडूनच मागता येतो, ही जागतिक न्यायाची आजची अवस्था. एका देशातून निघालेल्या धुराने दुसऱ्या देशातील मुलांचे नुकसान झाले तर तो देश जबाबदार ठरू शकतो, हे तत्त्व समितीने ऑक्टोबर २०२१मध्ये मान्य केले. तक्रार मात्र प्रतिवादी देशांतील न्यायालये आधी चोखाळली नाहीत म्हणून दाखल करून घेतली नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये, माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून निघतो असे म्हटले. हक्क सापडला आहे, तो वापरून पाहणे अजून व्हायचे आहे.

शाळा सोडून बसण्याचे हत्यार सर्वत्र सारखे चालत नाही, हेही चळवळीच्या समीक्षेत आले पाहिजे. जिथे शाळा ही गृहीत धरलेली गोष्ट आहे, तिथे एक दिवस गैरहजर राहणे हे बलवान विधान ठरते. ज्या घरातली मुलगी पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढली आहे, तिची हजेरी हाच मुळात एक संघर्ष आहे. तिने तास बुडवला तर घर आणि व्यवस्था दोघांनाही ते सोयीचेच होईल. शिवाय धोका वेगळा. फेब्रुवारी २०२१मध्ये शेतकरी आंदोलनाच्या समर्थनार्थ तयार झालेल्या एका टिपणावरून बंगळूरच्या हवामान-कार्यकर्त्या दिशा रवी यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. दहा दिवसांनी जामीन झाला. त्या घटनेनंतर किती पालकांनी मुलांना ‘अभ्यासाकडे लक्ष दे’ असे बजावले असेल, याची नोंद कुठे नसते.

अभ्यास आणि आंदोलन यांना परस्परांविरुद्ध उभे करणारा हा सल्ला चुकीचा आहे, हे गोव्यातील एका प्रकरणाने दाखवले. मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांच्यातून तीन प्रकल्प जाणार होते: रेल्वेचा दुहेरी मार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. २०२०च्या टाळेबंदीच्या काळात विरोध संघटित झाला. संशोधक, वकील, चित्रकार आणि विद्यार्थी यांनी पर्यावरण-आघात अहवाल वाचले, त्यांतील त्रुटी काढल्या आणि निवेदने लिहिली. नोव्हेंबर २०२०च्या सुरुवातीला चांदर येथे रात्रभर लोक रुळांवर बसले. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा घाटावरून कॅसलरॉकमार्गे कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे नेण्यासाठीच दुसरा रूळ हवा आहे, असा आंदोलकांचा दावा होता; रेल्वेचे म्हणणे अर्थात निराळे होते. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. रूळ अडवण्याइतकेच अहवाल वाचण्याचेही हे यश मानले पाहिजे. अहवाल वाचता येणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि सहाव्या घटकातील ‘अंमलबजावणीतील प्रश्न’ या मुद्द्याखाली ते आजही करता येते.

या आंदोलनालाही पुस्तिकेचा प्रश्न विचारून पाहावा. कोळशाची धूळ वास्कोच्या घरांवर पडते. त्याच कोळशावर तयार होणारे पोलाद कोणाच्या पुलात, कोणाच्या इमारतीत आणि कोणत्या देशात जाते? गोव्याने कोळसा नाकारला तर तो दुसऱ्या कोणत्या बंदरात उतरेल आणि तिथल्या मच्छीमारांचे काय? ‘आमच्याकडे नको’ या मागणीपासून ‘कोणाकडेच नको, आणि ज्यांनी वापरले त्यांनी भरून द्यावे’ या मागणीपर्यंतचा पल्ला मोठा आहे. गोव्यातील आंदोलन त्या वाटेवर किती पुढे गेले, याविषयी मतभेद होतील. बेळगावच्या वर्गात आणि मडगावच्या वर्गात याची उत्तरे वेगळी येतील, आणि यावीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली पर्यावरण-शिक्षणाचा नवा आराखडा दिला. त्यात हवामानबदलाला स्वतंत्र घटक मिळाला असून ‘हवामान-न्याय’ हा शब्दही त्या घटकात आला आहे. २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही हा शब्द आहे, पण तो ‘काहींच्या दृष्टीने महत्त्वाची संकल्पना’ अशा सावध रीतीने. शब्द आला की काम झाले असे नव्हे. कोपनहेगनला २००९ साली विकसित देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने ते २०२२मध्ये पुरे झाले, आणि त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. ऋणकोनेच धनकोला कर्ज देण्याचा हा प्रकार नव्या घटकात कोणत्या मथळ्याखाली शिकवायचा, हे शिक्षकालाच ठरवावे लागेल.

पुस्तिका दोन तासिकांत वाचून होते. तिच्यातील तक्ते जुने झाले आहेत, ही अडचण नसून सोय आहे. क्षेत्रकार्याच्या २५ गुणांसाठी दरवर्षी त्याच नदीचे, त्याच उद्यानाचे अहवाल एकमेकांच्या वह्यांतून उतरतात. त्याऐवजी १९९१चा तक्ता एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला आजचे रकाने विद्यार्थ्यांनी भरावेत: एकूण, दरडोई, आणि औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज. मग भारताची ओळ फोडावी आणि तिच्या जागी आपल्याच शहरातील दोन वस्त्या घ्याव्यात, विजेची बिले आणि गाड्यांची संख्या मांडावी. पुस्तिकेच्या लेखकांनी जिथे रेघ मारून थांबायचे ठरवले, त्या रेघेच्या आतला हिशेब तिथे सुरू होतो.